तेलाचा हात

"ताई कुठाय?"

भानूचा आवाज दुकानातून थेट मधल्या खोलीत आला. मी दाराच्या फटीला डोळा लावून उभी होते. माझा धाकटा भाऊ. फलटणहून एस.टी.त उभ्यानं आलेला, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला, एका हातात कलिंगड आणि दुसऱ्या हातात हळदकुंकू लावलेली लग्नपत्रिका. आमच्या सगळ्यात धाकट्या बहिणीचं, सरोजचं, लग्न ठरलं होतं आणि तो मला न्यायला आला होता.

"तिला बरं नाही," सासूबाई म्हणाल्या. त्यांना मी आत्या म्हणायची.

"काय झालंय?"

"बायकांचं काही असतं. तू बस. सरबत घे."

"मी आत जाऊन बघतो की तिला."

"झोपलीय. डॉक्टरांनी उठवू नका म्हणून सांगितलंय."

मी झोपले नव्हते. न्हाऊन, वेणी घालून, कुंकू लावून उभी होते. आणि कुठल्याही डॉक्टरनं तोवर मला पाहिलेलं नव्हतं. शेजारी पाळण्यात नणंदेची तान्ही मुलगी चुळबुळत होती. तिला उचलून घ्यायची मला मनाई होती. पाळण्याची दोरी ओढायची तेवढी परवानगी होती. मी एका हातानं दोरी ओढत होते आणि दुसरा हात गालावर होता. गालाला हात लावला की बोटांना ते लागायचं. मऊ, दाट, काळं.

ही नव्वद-एक्क्याण्णव सालची गोष्ट. मी तेव्हा तेहतीस वर्षांची होते.

वेल्हाळांचं माक्याचं तेल तेव्हा कराडात आणि आसपासच्या गावांत घरोघरी असायचं. मागच्या अंगणात मोठ्या कढईत माका, जास्वंद, आवळा उकळायचा. आमच्या घरातल्या भाकरीलासुद्धा त्याचा वास यायचा. पुढं दुकान, आणि दुकानात मामंजी, म्हणजे माझे सासरे. वय सत्तरीला आलेलं, पण डोक्यावर पांढरेशुभ्र दाट केस, मागं वळवलेले. गिऱ्हाईक आधी त्यांच्या डोक्याकडं बघायचं आणि मग बाटली मागायचं. वेगळ्या जाहिरातीची गरजच नव्हती.

अडचण ह्यांची होती. ह्यांची म्हणजे दिगंबर, मामंजींचा एकुलता एक मुलगा, माझा नवरा. तिशी उलटली तसं आधी ह्यांचं कपाळ मागं गेलं, मग टाळू दिसायला लागली. आत्यांचे भाऊ सगळे तसेच होते. रक्तातलंच होतं ते, त्याला तेल तरी काय करणार? पण दुकानात उभ्या असलेल्या माणसाला हे कोण सांगणार? लोक मुद्दाम विचारायचे, "काय दिगूशेठ, घरचं तेल घरात मिळत नाही काय?" एकदा एक म्हातारा म्हणाला, "अर्ध्या किमतीत द्या बाटली, वेल्हाळ. निम्मंच चालतंय की तुमचं तेल. बापावर चाललं, पोरावर नाही." सगळं दुकान हसलं. मामंजीही हसले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी ह्यांना गल्ल्यावरून उठवून मागं कढईवर बसवलं.

हे मुकाट कढई ढवळत राहिले. पण गणपतीच्या आधी कोल्हापूरला जाऊन आले आणि माडीवर मला एक बाटली दाखवली. आत पाण्यासारखं काहीतरी, बुचाला थेंब सोडायची नळी.

"हे काय?"

"हळू बोल. औषध आहे. नवीन निघालंय. टाळूवर थेंब सोडायचे आणि चोळून जिरवायचं. सकाळ-संध्याकाळ."

"त्यानं येतात केस?"

"डॉक्टर म्हणतात, येतात. सोडलं की परत जातात. कायम लावायला लागणार." मग आवाज आणखी खाली आणून म्हणाले, "थेंब मी इथं माडीवर सोडून येत जाईन. खाली पाटावर बसलो की तू वरून आपलं तेल घालून चोळ. त्या वासावर तेलाचा वास बसतो. बायको नवऱ्याच्या डोक्याला तेल लावतेय, यात कोणाला काय दिसणार? पण कळता कामा नये, शशी. वेल्हाळांचा मुलगा इंग्रजी औषधानं केस उगवतो म्हटलं तर कढई पालथी घालावी लागेल. माझ्या गळ्याची शपथ आहे तुला."

मी शपथ घेतली. वाईट काय होतं त्यात? लग्नाला सात वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, आणि ह्यांनी माझ्याकडं कधी काही मागितलं नव्हतं. हे पहिलंच.

त्या घराची एक रीत होती. तेलाचा हात धुवायचा नाही. डोकं चोळून झालं की हाताला जे उरेल ते आपल्या गालांना, कपाळाला, कोपरांना पुसायचं. तेल म्हणजे लक्ष्मी, ती मोरीत सोडायची नाही. नवी नवरी म्हणून आले तेव्हा मी सवयीनं हात धुवायला निघाले होते, तर आत्यांनी मनगट धरलं. "वेल्हाळांच्या सुना तेलाचा हात धुवत नाहीत," म्हणाल्या, आणि माझाच हात माझ्या गालावरून फिरवला. मला ते आवडलं होतं. कोणीतरी लाड केल्यासारखं वाटलं होतं.

दिवाळीला ह्यांच्या टाळूवर लव दिसायला लागली. संक्रांतीपर्यंत ती काळी झाली. मामंजींनी बोट फिरवून पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले. "अरे, आपल्या तेलाला वेळ लागतो, पण ते सोडत नाही," म्हणाले, आणि ह्यांना हाताला धरून पुन्हा गल्ल्यावर नेऊन बसवलं. बाजारपेठेतले लोक बघायला यायचे. हे मान वाकवून टाळू दाखवायचे.

माझ्याकडं आधी कोणाचं लक्ष नव्हतं. कानशिलापासून गालावर उतरलेली लव मी आरशात पाहिली तेव्हा वाटलं, वय झालं. मग ती कपाळावर आली, मग हनुवटीखाली. आत्या म्हणाल्या, डाळीच्या पिठानं घास. मी घासघासून कातडं लाल केलं. पीठ निघून जायचं, केस राहायचे. मग एकदा दुकानात आलेल्या कुणा बाईनं मला आतबाहेर करताना पाहिलं आणि हसत विचारलं, "अहो, या तेलानं तोंडालासुद्धा येतात काय केस? मग मी नाही बाई नेत."

त्या दिवशी आत्यांनी मधल्या खोलीचं दार लावून घेतलं.

"उगाच कोणाच्या नजरेला पडू नकोस," म्हणाल्या. "बरं झालं की हिंड."

संक्रांतीचं हळदीकुंकू झालं, तेव्हा वाणाची ताटं मी आत बसून भरली. बायकांचं हसणं भिंतीपलीकडून ऐकू येत होतं. देवळात जाणं बंद झालं. सकाळ-संध्याकाळ मागच्या पडवीत ह्यांचं डोकं चोळायचं आणि पुन्हा आत. तेवढंच उजेडात येणं. पौषात नणंद, मंदा, बाळंतपणाला आली होती, तिला मुलगी झाली आणि पाळणा मधल्याच खोलीत बांधला. मी बाळासाठी दुपटं शिवून ठेवलं होतं. त्यात तिला गुंडाळून घ्यावं म्हणून वाकले, तर दारातून हे म्हणाले, "तू बाळाला घेऊ नकोस."

"का?"

"सांगतो तेवढं ऐक. हात लावायचा नाही. मंदे, हिच्याजवळ देऊ नकोस तिला."

मंदा बावरली. मग तिनं हळूच बाळ पलीकडं घेतलं. मला समजलं. किंवा वाटलं, समजलं. मूल नसलेली बाई, तोंडावर हे असं. भाचीला आपली दृष्ट लागेल अशी ह्यांना भीती असणार. मी ते गिळलं. दोरी ओढत राहिले.

आणि आता भानू दारात बसून होता. सरबत झालं, चहा झाला, तरी उठेना.

"ताईला बघितल्याशिवाय जाणार नाही. आईनं बजावून पाठवलंय."

"अरे, झोपलीय म्हटलं ना!"

"मग उठेस्तोवर बसतो. मला काय घाई नाही. परवाची गाडीपण चालेल."

तेवढ्यात बाळानं मोठ्यानं रडायला सुरुवात केली. मंदा मागं धुणं वाळत घालत होती. मी दोरी ओढली, "अगं गं गं, रडू नको" म्हणाले, आणि माझा आवाज बाहेर गेला. भानू उठला. आत्या "अरे, अरे" करेपर्यंत त्यानं दार ढकललं होतं.

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी पदर ओढला नाही. ओढायला हवा होता, पण हातच उचलला नाही.

"ताई," तो म्हणाला. मग लहानपणीसारखं तोंड वेंगाडून म्हणाला, "मला सतराव्या वर्षी मिशी आली तर तू केवढी हसली होतीस. आता बघ." आणि भिंतीकडं तोंड करून रडायला लागला.

मग तो दुकानात गेला आणि त्याचा आवाज चढला. "मी हिला आत्ता पुण्याला नेतो. मोठ्या डॉक्टरला दाखवतो. माणूस आहे का काय आहे? कोंडून ठेवलीय तिला!"

"हळू बोल, गिऱ्हाईक आहे," मामंजी म्हणाले.

हे पटकन उठले. "पुण्याला कशाला? मी नेतो की कोल्हापूरला. उद्याच नेतो. चांगला डॉक्टर आहे तिथं."

"आणि लग्न?" भानूनं विचारलं.

आत्या म्हणाल्या, "हे असं तोंड घेऊन मांडवात? चार गावची माणसं येणार. कोणाची सून म्हणतील? वेल्हाळांची. उद्या आमच्या तेलाला कोण हात लावेल?"

मामंजींनी निकाल दिला. "डॉक्टरांनी बरं केलं तर पाठवू."

भानू एकटाच गेला. कलिंगड पडवीत ठेवून गेला. जाताना खिडकीशी येऊन म्हणाला, "ताई, सरोज म्हणालीय, तू तेल लावल्याशिवाय ती पाटावरून उठणार नाही. तू कशीपण ये."

कोल्हापूरला जाताना मी पदर नाकापर्यंत घेतला होता. दवाखान्यात पोचल्यावर ह्यांनी मला बाकावर बसवलं.

"तू इथंच थांब. मी आधी बोलतो. बोलावलं तरच ये. आणि औषधाचं आपण होऊन काही काढू नकोस."

आत नुसतं पुटपुटणं ऐकू येत होतं. मग खुर्ची सरकली आणि डॉक्टर हेर्लेकर स्वतःच बाहेर आले. पन्नाशीचे, डोक्यावर एकही केस नसलेले. मला त्या परिस्थितीतही हसू आलं.

"बघू, वहिनी. पदर काढा. आत या, उजेडात."

त्यांनी माझा चेहरा खिडकीकडं वळवला. मग उजवा हात मागितला आणि बोटांची पाठ पाहिली. तिथंही केस आले होते, ते मी पाहिलेच नव्हते.

"वेल्हाळांच्या डोक्याला तुम्ही चोळता ना?"

मी ह्यांच्याकडं पाहिलं. शपथ होती.

"बोला, बोला. माझ्यापासून काय लपवायचं? औषध मीच दिलंय."

"हो."

"आणि मग हात कशानं धुता?"

"धुवत नाही. आमच्यात तेलाचा हात धुवत नाहीत. तोंडाला पुसतात."

 डॉक्टरांनी चष्मा काढला आणि ते ह्यांच्याकडं वळले.

"वेल्हाळ, दिवाळी झाल्यावर तुम्ही आला होतात. बायकोच्या गालावर लव आलीय हे तुम्हीच सांगितलंत. मी काय म्हणालो होतो?"

हे टेबलावरच्या काचेकडं बघत होते.

"हे मूळचं रक्तदाबाचं औषध. गोळी घेणाऱ्यांच्या अंगावर केस यायला लागले म्हणून टकलावर लावायचं पाणी काढलं. ते जिथं लागेल तिथं काम करतं, त्याला बाई-पुरुष कळत नाही. मी सांगितलं होतं की नाही, स्वतः लावा, नाहीतर बायकोला साबणानं हात धुवायला सांगा? पुढच्या खेपेला विचारलं तर म्हणालात, आता ठीक आहे. आणि बहिणीचं बाळ घरात आलंय, त्याला तर काही होणार नाही ना, हे दोन-दोनदा विचारत होतात."

खिडकीबाहेर कुठंतरी बर्फाचा गोळा विकणारा घंटी वाजवत होता. मला ती घंटी अजून ऐकू येते.

"हे जातील का?" मी विचारलं.

"जातील की! तो हात तोंडाला पुसणं बंद करा, चार-सहा महिन्यांत गळून जातील. तुम्हाला काही झालेलं नाही, वहिनी. तुम्हाला एक साबणाची वडी पाहिजे."

निघताना ह्यांनी स्वतःसाठी नवी बाटली घेतली.

स्टँडवर ह्यांनी उसाचा रस घेतला, दोन पेले. मी माझा हातात धरून उभी राहिले.

"तुम्हाला माहीत होतं."

"इथं नको. लोक आहेत."

"लोक कराडचे नाहीत. बोला."

"तू हात धुतला असतास तर आईनं विचारलं असतं, का धुतला म्हणून. काय सांगणार होतीस?"

"माडीवर धुतला असता. तांब्याभर पाण्यानं."

"एक दिवस, दोन दिवस. आईच्या नजरेतून सुटतं का काही?" त्यांनी रस संपवला, पेला परत केला. "केस येत होते, शशी. बाबांनी मला परत गल्ल्यावर बसवलं. मी म्हटलं, एवढी संक्रांत होऊ दे, मग तुला सांगतो. मग म्हटलं, शिमगा होऊ दे."

"बाळाला हात लावू नको म्हणून मात्र लगेच सांगितलंत."

"लहान जीव आहे तो. आणि लोकाचं लेकरू. उद्या मंदाच्या सासरच्यांना काय तोंड दाखवायचं?"

"आणि मी?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मला खोटं वाटलं नाही. त्यांना खरंच प्रश्न कळला नव्हता.

"तू काय," ते म्हणाले, "तू घरातलीच आहेस."

गाडीत ते झोपले. नवी बाटली पिशवीत, पिशवी माझ्या मांडीवर. मी ती सांभाळत कराडला आणली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीत नेहमीसारखं सगळं होतं. मामंजी झोपाळ्यावर चहा पीत होते, आत्या तांदूळ निवडत होत्या, मंदा बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालत होती. हे माडीवरून उतरले आणि पाटावर बसले. मी वाटीतून तेल घेतलं, डोकं चोळलं, नेहमीपेक्षा सावकाश. मग उठले, मोरीत गेले आणि कपड्यांच्या साबणाची वडी उचलली.

"अगं, अगं, शशी! तेलाचा हात!" आत्यांच्या मांडीवरून सूप घसरलं.

"तेलाचा नाहीये, आत्या."

"मग कशाचा?" मामंजींनी विचारलं.

मी फेस काढत होते. "त्यांना विचारा. मला शपथ आहे."

 मंदाच्या हातातल्या तांब्यातून पाण्याची धार तेवढी पडत होती. हे पाटावरच बसून होते, केस कपाळावर चिकटलेले, लहान मुलासारखे.

"औषध लावतो मी," ते शेवटी म्हणाले. "कोल्हापूरचं. त्यानं तिला झालंय."

मंदानं बाळाला छातीशी धरलं. "म्हणून तू म्हणालास, हिला हात लावू देऊ नको! दादा, तुला माहीत होतं? मी वहिनीला काय समजले रे इतके दिवस!"

मामंजींनी स्वतःच्या केसांवरून हात फिरवला. ते मुलाकडं बघत नव्हते, माझ्याकडंही नाही. ते दुकानाच्या दाराकडं बघत होते.

"मंदा, पुढचं दार लावून घे," ते म्हणाले. मग मला म्हणाले, "तू जा बहिणीच्या लग्नाला. पण ही गोष्ट या पडवीच्या बाहेर जायची नाही."

"तोंडाचं कोणी विचारलं तर काय सांगू?"

 उत्तर आत्यांनी दिलं, खाली सांडलेले तांदूळ गोळा करत. "सांग, माहेरचंच आहे. आमच्या घराण्यात असतं असं, म्हणावं."

मला वाटलं, दार उघडलं. फलटणला पोचल्यावर कळलं, ते बंदच होतं, फक्त थोडं पुढं सरकवलेलं.

आमच्या अंगणात मांडव पडला होता. आईनं मला पोटाशी धरलं, गालाला गाल लावला आणि काहीच विचारलं नाही. सरोज हसली, रडली, म्हणाली, "तू आलीस ना, बास." दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाकडच्या बायका उष्टी हळद घेऊन आल्या. त्यांच्यात मुलाची एक आत्या होती, ठसठशीत, नाकात मोठी नथ.

"ही थोरली वाटतं?"

"हो," आई म्हणाली. "कराडला दिलीय. वेल्हाळांकडं."

"तेलवाले? अगंबाई!" त्या बाईनं माझं तोंड नीट पाहिलं. मग तिनं पाटावर बसलेल्या सरोजची हनुवटी धरली, तिचा चेहरा उजेडाकडं वळवला आणि गाल बघितला. एक, मग दुसरा. सरोजला काही कळेना. आईचा हात हळदीच्या वाटीत तसाच राहिला.

"तुमच्या घराण्यात आहे का हो हे?" ती बाई म्हणाली. आवाजात काही वाईट नव्हतं. बाजारात फळ दाबून बघावं तसा होता.

माझ्याजवळ उत्तर तयार होतं, सासूबाईंनी बांधून दिलेलं. नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं. ती मान मी हलवली असती तर लग्न कदाचित मोडलंही नसतं. पण सरोज जन्मभर तिथं उजेडाकडं तोंड करून उभी राहिली असती, आणि रोज कोणीतरी तिचे गाल तपासले असते. मधली खोली कशी असते ते मला माहीत होतं.

"घराण्यात नाही," मी म्हणाले. "माझ्या हातानं झालंय."

आणि सांगितलं. नवऱ्याला टक्कल पडायला लागलं, त्यावर कोल्हापूरच्या डॉक्टरांचं औषध आहे, ते मी चोळते, आणि हात धुवायचा तो धुतला नाही. जिथं जिथं हात पुसला तिथं तिथं केस आले. पाऊस सरेपर्यंत गळून जातील. सगळं मोठ्यानं सांगितलं, सगळ्या बायकांना ऐकू जाईल असं. माझ्या आवाजाचं मलाच नवल वाटलं; कित्येक महिन्यांत मी त्या आवाजात बोलले नव्हते.

कोणीतरी मागं खुदकन हसलं. "म्हणजे नवऱ्याचे केस तेलानं नाहीच आले होय!"

नथवाल्या बाईनं सरोजची हनुवटी सोडली. थोडी पुढं वाकली आणि हलक्या आवाजात मला म्हणाली, "त्या डॉक्टरांचं नाव काय म्हणालात? आमचा थोरला मुलगा अजून लग्नाचा आहे, आणि पुढून सगळं गेलंय हो त्याचं."

पुढचं इथंच सांगून टाकते, म्हणजे शेवटी मला त्या मांडवातच थांबता येईल. बातमी माझ्याआधी कराडला पोचली. आत्या दिवाळीपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत. कढई काही पालथी पडली नाही. बायका तेल न्यायच्या, आणि त्यांचे नवरे ह्यांना बाजूला घेऊन कोल्हापूरचा पत्ता विचारायचे. मधल्या खोलीचं दार मी पुन्हा कधी लावू दिलं नाही. भाद्रपदात माझा चेहरा स्वच्छ झाला आणि मंदा बाळाला घेऊन मुद्दाम आली, माझ्या मांडीवर ठेवायला. हे म्हातारे होईपर्यंत ते औषध स्वतःच्या हातानं लावत राहिले. मग एकदा सोडलं, आणि सगळे केस गेले. आम्ही एकत्र पुष्कळ वर्षं काढली, वाईट काढली असं नाही. पण त्यांच्या डोक्याला मी पुन्हा हात लावला तो एकदाच, त्यांच्या शेवटच्या अंघोळीला.

त्या सकाळी मांडवात मात्र आई म्हणाली, "चल शशी, तेल लाव तिला. थोरली आहेस."

सरोज मान खाली घालून पाटावर बसली. समोर पितळी वाटी, वाटीत तेल. तशीच वाकलेली मान, तसाच पाट. मी हात पुढं केला आणि तो मध्येच थांबला.

"भानू, साबण आण."

"आत्ता?"

"आण म्हणते ना."

मांडवाच्या कडेला बसून त्यानं पाणी घातलं आणि मी हात धुतले. कोपरापर्यंत. नखांतून, बोटांच्या पेरांतून. ह्यांच्या डोक्याला हात लावून आता बरेच दिवस झाले होते, हातावर काही उरलेलं असणं शक्य नव्हतं, हे मला कळत होतं. तरी पुन्हा धुतले. बायका खोळंबल्या होत्या, पाटावरून सरोज ओरडली, "ताई, किती धुशील? तेलच तर लावायचंय!"

मी हात झटकले, पुसले, नाकाशी धरून वास घेतला. साबणाशिवाय दुसरा कसलाही वास नव्हता. मग ते तिच्या डोक्यावर ठेवले.